फियाटचा ब्रेक आणि कुंडलिकरावांचा दहावा

बाजाराच्या दिवशी भर अकरा वाजता रामकिशनची फियाट आखाडा बाळापूरच्या उतारावरून निघाली, ती थांबेचना. ब्रेक दाबला की पाय सरळ तळाला टेकत होता. हँडब्रेक तर गाडीच्या आधीच्या मालकाच्या काळातच निवृत्त झाला होता. वेग म्हणाल तर म्हातारं माणूस चालतं तेवढाच, त्यामुळे घाबरावं की लाजावं हे रामकिशनला ठरवता येईना. ओळखीची माणसं गाडीच्या बाजूने चालत चालत विचारत होती, "राम राम रामकिशनभाऊ, कुठं निघाले?" आणि रामकिशन हॉर्नवरचा हात काढून प्रत्येकाला राम राम घालत होता. "कुठं न्हाई, हे आपलं इथंच," असं तो सांगत होता. इथंच म्हणजे नेमकं कुठं, ते मात्र त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

शेजारच्या सीटवर मेथीची जुडी मांडीवर घट्ट धरून त्याची बायको नर्मदाबाई बसल्या होत्या. शेवटी एका मंडपवाल्याने दुकानापुढे वाळत घातलेल्या गाद्यांच्या ढिगात गाडी शिरली आणि उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त वरची एक गादी घसरून खिडकीतून आत आली आणि नर्मदाबाईंच्या मेथीवर बसली.

घरी पोचल्यावर त्या बोलल्या.

"पंधरा दिवस," नर्मदाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत ही गाडी धड थांबाया लागली तर ठीक. न्हाईतर सोळाव्या दिवशी भंगारवाला येईन. तुमी बोलवायची गरज न्हाई, मीच बोलावते."

"अगं, नुसता ब्रेकच तर गेला."

"नुसता? गाडीला थांबता येत न्हाई अन तुमी नुसता म्हनता?"

नर्मदाबाई बोलल्या म्हणजे तसं करतात, हे रामकिशनला चाळीस वर्षांच्या संसारात पुरतं माहीत झालं होतं. आणि ही गाडी म्हणजे काही हौसेने घेतलेली गाडी नव्हती. अठ्ठावीस वर्षं तो गावच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. याच फियाटच्या मागच्या सीटवर आसपासच्या गावांतल्या किती बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, आणि किती जणी दवाखाना यायच्या आधीच मोकळ्या झाल्या, त्याची मोजदाद नाही. डॉक्टर लेकाकडे कायमचे राहायला गेले तेव्हा किल्ली रामकिशनच्या हातात देऊन गेले. ती गाडी भंगारात जाणार या विचाराने त्याला जेवण जाईना.

फियाटच्या प्रत्येक चाकात अंगठ्याएवढा एक लोखंडी सिलिंडर असतो. पाय दाबला की तेलाच्या जोराने तो ब्रेकच्या पट्ट्या ड्रमवर रेटतो आणि चाक थांबतं. चार चाकांचे चार सिलिंडर, बस्स, एवढीशी वस्तू! पण ती मिळेना. नांदेड रोडवर गॅरेज असलेला नासेर मिस्त्री आणि रामकिशन आधी हिंगोलीला गेले, मग नांदेडला. फियाट हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत दुकानदार हात जोडायचे. एकाने दिला तो सिलिंडर बसलाच नाही. दुसऱ्याने दिला तो बसला, पण त्यातलं रबर एक रात्र तेलात राहिल्यावर पावसाळ्यातल्या दारासारखं फुगून बसलं. तिसरा नासेरच्या पुतणीने पहिल्याच दिवशी मोबाइलवरून मागवून ठेवला होता. तो डबा उघडून नासेरने वास घेतला आणि डबा परत बंद केला.

"डुप्लिकेट हाय, भाऊ. ह्याच्या भरवशावर मी सायकलसुद्धा उतारावर सोडनार न्हाई."

दोन दिवस असेच गेले. मग गॅरेजवर आलेल्या एका दुधाच्या टँकरवाल्याने सांगितलं की सिद्धेश्वरला धरणाजवळ कुंडलिकराव म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्याकडे अशीच फियाट एकोणीस वर्षांपासून शेडमध्ये विटांवर उभी आहे. माणूस रोज पुसतो, पण चालवत नाही.

नासेर हातातलं काम सोडून उठला. "भाऊ, गाडी एकोनीस वर्षं उभी हाय. म्हंजे ब्रेक दाबला न्हाई. दाबला न्हाई म्हंजे घासला न्हाई. घासला न्हाई म्हंजे सामान कोरं, त्या जमान्याचं, वोरिजनल!"

"बराबर," रामकिशन म्हणाला. दोन शहाण्या माणसांना एकाच वेळी पटलेली गोष्ट चुकीची असेल असं कोणाला वाटणार? पाने आणि पेचकस पिशवीत टाकून दोघे नासेरच्या मोटारसायकलवर सकाळीच निघाले. मागायचं कसं हेही ठरलं होतं. आधी पाणी प्यायचं, मग पाऊसपाण्याची चौकशी, मग चहा, आणि चहा संपता संपता सिलिंडर.

सिद्धेश्वरला पत्ता विचारावा लागला नाही. कुंडलिकरावांच्या दारात पन्नासेक माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून जमिनीवर बसली होती आणि तिरडी बांधून होत आली होती. कुंडलिकराव आदल्या संध्याकाळी बसल्या जागी गेले होते.

दोघे मोटारसायकलवरून उतरले आणि तिथेच खिळले. मागे फिरावं तर सगळ्यांनी पाहिलेलं. पुढे जावं तर हातात पान्यांची पिशवी. एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन गाव पाव्हणे? वळखलं न्हाई."

"आमी... फियाटवाले," नासेरच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. सबंध जिल्ह्यात असल्या दोनच गाड्या उरल्या असतील, तर त्यांच्या मालकांची दोस्ती असणारच, यात त्याला काडीची शंका वाटली नाही. त्याने आत हाक मारली, "विजयकुमार! आरं, तुझ्या बापाचे दोस्त आले! फियाटवाले, थेट बाळापूरहून!" (बाळापूर त्याने मोटारसायकलच्या मडगार्डवर वाचलं होतं.)

कुंडलिकरावांचा मुलगा विजयकुमार पुण्याहून पहाटेच येऊन पोचला होता. तो धावत आला आणि रामकिशनच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागला. "काका, बाबा गेले हो!" आता अशा वेळी माणसाने काय म्हणावं? सिलिंडर म्हणावं? रामकिशन त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. पोराच्या खांद्यावरून त्याला शेड दिसत होतं. गाडीवर जुन्या लुगड्याचं शिवलेलं पांघरूण होतं, आणि त्याचं एक टोक वर झालं होतं तिथे विटांवर उचललेलं चाक, तेलाने चमकणारी दाराची बिजागरी आणि लखलखता बंपर दिसत होता.

"वस्तू हाय, भाऊ," नासेर कानाशी हळूच म्हणाला.

"गप," रामकिशन म्हणाला.

मग खांदा द्यावा लागला. दोस्तांनी नाही द्यायचा तर कोणी द्यायचा? स्मशानात अग्नी दिल्यावर, आपल्याकडे रीत आहे तशी, श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. दोघांनाही कुंडलिकरावांबद्दल फारसं काही सुचत नव्हतं, म्हणून ते धरणाच्या पाण्याबद्दल बोलले. मग फेटेवाला म्हातारा म्हणाला, "आता कुंडलिकरावाचे जुने दोस्त दोन शब्द बोलतील," आणि त्याने रामकिशनला दंडाला धरून पुढे केलं.

रामकिशन उभा राहिला. समोर शंभर माणसं, मागे जळणारी चिता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि जागाही ती नव्हती.

"मी कुंडलिकरावांबद्दल लई काही सांगू शकत न्हाई," तो म्हणाला. माणसांना वाटलं, गळा दाटला. दोघातिघांनी डोळे पुसले. "पर त्यांची गाडी मी आत्ता पाहिली. टायर जमिनीला टेकू दिले न्हाईत, खराब होतील म्हनून. दाराच्या बिजागरीला तेल हाये. वरचं पांघरून हातानं शिवलं हाये. जी गाडी चालत न्हाई, तिला जो मानूस एवढा जपतो, तो मानूस मनानं कसा असंल, ते तुमीच ठरवा. मला तर वाटून राहिलं, मी लई उशिरा आलो."

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. सरपंचांनी चष्मा काढला. विजयकुमार ढसाढसा रडला, आणि पान्यांची पिशवी छातीशी धरून नासेरही रडला.

निघताना विजयकुमारने हात धरले. "परवा राख सावडायला तुम्ही पाहिजेतच, काका."

रामकिशन घरी आला तेव्हा नर्मदाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. "मिळाला का ब्रेक?"

"न्हाई. परवा परत जायचं हाये."

"काहून?"

"राख सावडायला."

सूप थांबलं. "कोनाची?"

रामकिशनने सगळं सांगितलं. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं आणि सूप परत हलवायला घेतलं. "बारा दिवस ऱ्हायले," एवढंच त्या म्हणाल्या.

राख सावडायला गेल्यावर नक्की विचारायचं असं ठरवून दोघे गेले. पण तिथे रामकिशनला भावकीच्या रांगेत पुढे बसवलं. जो येई तो त्याच्याशी बोले. "तुमाला तर ठावंच हाये, कुंडलिकरावाला चहात साखर चालत न्हवती." रामकिशन मान हलवी. "तुमाला सांगायला नको, रेडिओवर भजन लागलं की गडी जागचा हलायचा न्हाई." रामकिशन परत मान हलवी. दुपारपर्यंत त्याला कुंडलिकरावांचा चहा, त्यांचं भजन, त्यांची पाठदुखी, त्यांचा लाल बैल, सगळं माहीत झालं. परत येताना मोटारसायकलवरून तो वळून वळून सिद्धेश्वरकडे पाहत होता.

"काय झालं, भाऊ?" नासेरने विचारलं.

"बिनसाखरेचा चहा मलाबी लागतो," रामकिशन म्हणाला. "बसलो असतो आमी दोघं."

"भाऊ, सिलिंडरचं काय?"

"दहाव्याला ईचारू."

दहाव्याला पूर्णेच्या काठी सगळी भावकी जमली. भटजींनी पिंड मांडले आणि माणसं मागे सरकून कावळ्याची वाट पाहू लागली. कावळे होते. समोरच्या बाभळीवर चांगले सात-आठ बसले होते. पण एकही खाली उतरेना. अर्धा तास झाला, तास झाला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे, हे काय कोणाला सांगायला पाहिजे? मग वचनं सुरू झाली.

विजयकुमार हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." कावळा हलला नाही. कुंडलिकरावांचा भाऊ म्हणाला, "बांधावरचं आंब्याचं झाड तोडनार न्हाई." एका कावळ्याने मान वळवली आणि परत सरळ केली. पुतण्याने दारू सोडली. कावळ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजींना दुपारी दुसऱ्या गावाला जायचं होतं.

"आरं, त्याचा जीव गाडीत हाय," फेटेवाला म्हातारा म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना रामकिशनकडे वळल्या. "बोला पाव्हणे. तुमीच बोला."

रामकिशन पुढे झाला. त्याच्या मागे नासेरने पिशवीतल्या पान्यांवर हात ठेवला होता आणि तो मनातल्या मनात दुवा मागत होता, की भाऊ काहीतरी गोलमोल बोलो. रामकिशनने पिंडाकडे पाहिलं. समोर बिनसाखरेचा चहा पिणारा एक माणूस आहे आणि त्याला जाता येत नाहीये, एवढंच त्याला दिसलं.

"कुंडलिकराव," तो म्हणाला, "तुमच्या गाडीची काळजी करू नका. तिचा एक नटसुद्धा कोनाला काढू देनार न्हाई. अन मी तिला परत रस्त्यावर आननार. माझं वचन हाये."

म्हणायचा अवकाश, बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. बायकांनी डोळ्याला पदर लावला. भटजींनी घाईने सामान आवरायला घेतलं.

"गेला," नासेर म्हणाला.

"व्हय," रामकिशन म्हणाला. "मोकळा झाला बिचारा."

"तो न्हाई हो. सिलिंडर गेला."

तेरवीचं आवतण जोडीने होतं, म्हणून नर्मदाबाईही आल्या. खरं तर त्यांना हे प्रकरण एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. चौदावा दिवस होता. पंगती उठल्या, पाहुणे पांगले आणि विजयकुमार मंडपवाल्याचं सामान पोचवायला गेला. मग कुंडलिकरावांच्या मालकीण सोजराबाई सावकाश उठल्या आणि रामकिशनपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाडी चालू करीन म्हनले ना कावळ्यापुढं? मंग एकदा पाहून तरी घ्या."

शेडमध्ये चौघंच होती. सोजराबाईंनी पांघरूण काढलं. नासेरने चाक काढलं, ड्रम हातात धरला, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून त्याने तो ओढला, आणि आत पाहून उकिडवाच बसून राहिला.

"काय हाये?" रामकिशनने विचारलं.

"कायबी न्हाई, भाऊ. सफाचट हाय."

आत सिलिंडर नव्हता, पट्ट्या नव्हत्या. स्वच्छ पुसून ग्रीस लावलेली रिकामी जागा होती, आणि उंदीर शिरू नये म्हणून तिथे कागदाचा बोळा बसवला होता. नासेरने दुसरं चाक उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तेच.

"ब्रेक गेला म्हनून तर उभी केली व्हती," सोजराबाई म्हणाल्या. "न्हाईतर चालती गाडी कोन विटांवर ठेवतं?"

रामकिशनने नासेरकडे पाहिलं. नासेरने कुठेच पाहिलं नाही.

सोजराबाईंनी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "एकोनीस वर्षं सामान धुंडीत फिरले. जे आनलं ते ह्यात टाकलं. तुमाला काय कामाचं असंल तर पाहा."

रामकिशन जमिनीवर बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. न बसणारा सिलिंडर. फुगलेलं रबर. परत फुगलेलं रबर. "हा हिंगोलीचा," तो म्हणाला. "हा मलाबी दिला व्हता त्यानं. हा नांदेडचा, पुलाजवळच्या दुकानातला. ह्यानं मला शपथ घेऊन सांगितलं व्हतं वोरिजनल म्हनून." तो त्याच दुकानांत, त्याच माणसांपुढे, तीच एवढीशी वस्तू मागत फिरला होता, आणि प्रत्येक ठिकाणी हा माणूस त्याच्या आधी उभा राहून गेला होता. एकदा जरी गाठ पडली असती तर! रामकिशन तोंडाला टॉवेल लावून रडला. तेरा दिवसांत पहिल्यांदाच तो रडत होता, आणि तेही कोणी रडायला भाग पाडलं नसताना.

"खरं सांगा भाऊ," सोजराबाईंनी विचारलं, "तुमची अन ह्यांची वळख व्हती का?"

"न्हाई," रामकिशन म्हणाला. "आमी ब्रेक काढून न्यायला आलो व्हतो. माफ करा."

"ठावं हाये मला. पयल्याच दिवशी पिशवीतून पाना डोकावून राहिला व्हता."

"मंग बोलल्या काहून न्हाई?"

"काय बोलू? गाव ह्यांना फियाटचं याड लागलं म्हनायचं. मागं दोन चांगले शब्द बोलनारं कोनी न्हवतं. तुमी बोलले. विजयकुमारनं मला सगळं भाषन सांगितलं." मग नर्मदाबाईंकडे वळून म्हणाल्या, "मीच रोज म्हनायचे बाई, घाला एकदाची भंगारात. रोज. आता दिवस कलला की इथं येऊन आत बसते. दुसरं काय हाये त्यांचं इथं?"

नर्मदाबाईंनी खाली बसून पदराने डबा पुसला आणि रामकिशनने काढलेल्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या.

परत जाताना तिघे औंढ्याच्या स्टँडवर नर्मदाबाईंच्या एसटीची वाट पाहत उभे होते. नासेर मोटारसायकल धरून होता. रामकिशननेच विषय काढला.

"उद्या पंधरावा दिवस," तो म्हणाला. "तुला भंगारवाल्याला सांगायचं असंल तर सांगून टाक. मी न्हाई म्हननार न्हाई. झाले माझे प्रयत्न."

"नासेरभाई," नर्मदाबाई म्हणाल्या, "जुन्या गाड्यांचं चांगलं सामान हैदराबादला भेटतं का वो?"

नासेरने आधी रामकिशनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "भेटंल, भाभी. पर सोता जाऊन, हातात घेऊन पाहावं लागंल. तकलीफ हाय."

"मंग जा दोघं. सोमवारी निघा."

एसटी आली. नर्मदाबाईंनी पिशवी सावरली, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून नवऱ्याला बजावलं, "अन एक सेट आनू नका. दोन आना. पयला सिद्धेश्वरच्या गाडीला बसवा, आपलीला मागून."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, आत सरका." त्या आत गेल्या आणि खिडकीजवळची जागा धरून बसल्या.